‘अपात्र’चा रकाना: पैसे देऊन तपासणी, इंदूरमधलं एक प्रकरण

दिनेश आणि वर्षा ही त्यांची खरी नावं नाहीत. वय, गाडीचा मार्ग आणि काही तारखाही थोड्या हलवल्या आहेत. लिहिण्याआधी दोघांना विचारलं होतं. वर्षा म्हणाली, “लिहा ताई, पण आमची गल्ली लिहू नका.” नाही लिहिली.

पार्श्वभूमी

इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला आमच्या संस्थेची एक खोली आहे. एक टेबल, एक पडदा, रक्त घ्यायची खुर्ची आणि दाराजवळ कंडोमचं खोकं. मी तिथे समुपदेशक. येणारे बहुतेक ट्रक ड्रायव्हर, क्लीनर आणि गाड्या भरणारे हम्माल. तपासणी फुकट, औषधं फुकट. तरी माणूस एकदाच येतो, जळजळ असते तेव्हा. जळजळ थांबली की रोग गेला, असा त्याचा हिशेब. चार महिन्यांनी पुन्हा या म्हटलं की मान हलवतो आणि येत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात रामबागेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी वडिलांच्या नावाने काही रक्कम देऊ केली. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांची अट साधी होती: शिबिरं नकोत, फलक नकोत, पैसा थेट माणसाच्या हातात पडला पाहिजे. त्यांनी टांझानियातल्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं आणि ते भारावून गेले होते. “अगं, आम्ही बँकेत वसुलीला हेच करायचो. हप्ता वेळेवर भरला की व्याजात सूट. माणूस सरळ वागतो.”

प्रयोग खरा आहे. २००९ मध्ये टांझानियाच्या इफाकारा भागात १८ ते ३० वयाच्या स्त्री-पुरुषांची दर चार महिन्यांनी तपासणी झाली. बरे होऊ शकणारे लिंगसांसर्गिक आजार नसतील तर काहींना १० डॉलर, काहींना २० डॉलर मिळायचे. तिसऱ्या गटाला काहीच नाही. ज्यांना आजार निघाला त्यांना मोफत उपचार मिळायचे आणि पुढच्या फेरीत पुन्हा संधी. वर्षअखेर २० डॉलरवाल्या गटात हे आजार पैसे न मिळणाऱ्या गटापेक्षा सुमारे २७ टक्के कमी होते. १० डॉलरवाल्यांत फरक पडला नाही. चौथ्या आणि आठव्या महिन्यात तर कुठल्याच गटात पडला नव्हता. काकांच्या लक्षात २७ टक्के राहिले होते, बाकीचं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही लक्षात तेवढंच राहिलं.

आता दिनेश. वय २९. आजोबा खानदेशातून इथल्या कापडगिरणीत कामाला आले, गिरणी बंद पडली, वडिलांनी रिक्षा चालवली, हा ट्रकवर गेला. घरात मराठी, गाडीवर ‘क्या भिया’. इंदूरहून सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे करत मुंबईपर्यंत फेरी. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरी आई, बायको वर्षा आणि तीन वर्षांची मुलगी. ऑगस्ट २०२२ मध्ये लघवीच्या जागेतून पू येतो म्हणून आला. करड्या किटमधल्या, म्हणजे या त्रासासाठी ठरलेल्या औषधसंचातल्या, गोळ्या दिल्या, आठवड्यात बरा झाला. बायकोसाठीही तशाच गोळ्या दिल्या होत्या. त्या त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, “हिला काय सांगून देऊ?” मी दोन-तीन वाक्यं सुचवली. गोळ्या खिशात गेल्या. पुढे कुठे गेल्या ते मी त्या वेळी विचारलं नाही.

प्रश्न

एचआयव्हीचा प्रतिबंध हे आमच्या कामाचं नाव, पण मोजायचं काय? भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे आणि मध्य प्रदेशात त्याहूनही कमी. आमच्या योजनेत तीसेक माणसं बसणार होती. त्यांच्यात वर्षभरात एकही नवा एचआयव्ही सापडला नाही तर ते यश पैशाचं म्हणायचं की आकड्यांचं? काकांना हे समजावायला दोन चहा लागले. म्हणून बाकीचे लिंगसांसर्गिक आजार खूण म्हणून धरायचे ठरले. ते असले तर कंडोम वापरला नाही हे कळतं, आणि जखम किंवा सूज असलेल्या जागेतून एचआयव्हीला वाटही सोपी होते.

दिनेशपुरता प्रश्न याहून साधा होता: त्रास नसताना हा माणूस दर चार महिन्यांनी या खुर्चीत कसा बसेल?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय टांझानियाचा: अहवाल स्वच्छ आला तरच पैसे. दुसरा: नुसतं आल्याचे पैसे, अहवाल काहीही येवो. काकांना दुसरा अजिबात पटेना. “म्हणजे बाहेर शेण खाऊन आला तरी मी पैसे द्यायचे?”

तिसरा सोडतीचा. आफ्रिकेतल्याच लेसोथोत स्वच्छ अहवालावर सोडतीचं तिकीट दिलं होतं आणि तिथे दोन वर्षांत नवे एचआयव्ही संसर्ग सुमारे एक पंचमांशाने घटले. मुळात धोका पत्करायची आवड असणाऱ्यांवर परिणाम जास्त दिसला. आमच्या ड्रायव्हरांना हे भलतंच आवडलं असतं. पण सट्ट्यात बुडालेली घरं आम्ही रोज पाहतो, आणि खासगी सोडतीचं नाव काढताच ओळखीच्या वकिलांनी हात जोडले. तो विषय तिथेच संपला.

चौथा म्हणजे पैसे घरच्या बाईच्या हातात देणं. मलावीच्या झोंबा जिल्ह्यात शाळकरी वयाच्या मुलींना आणि त्यांच्या घरांना दरमहा रक्कम दिली, तेव्हा दीड वर्षाने शाळेत जाणाऱ्या मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के होतं, न मिळालेल्यांत ३ टक्के. विशेष म्हणजे हजेरीची अट घातली काय न घातली काय, निकालात फरक नव्हता. दक्षिण आफ्रिकेत पुढे असाच मोठा प्रयोग झाला, तिथे मात्र नव्या संसर्गांत घट दिसली नाही. मुली तशाही जवळजवळ सगळ्या शाळेत जात होत्या. आमच्या बैठकीत हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला. “बायकांना कशाला ओढायचं यात,” असं कुणीतरी म्हणालं. ते मीच म्हणाले होते असं बैठकीच्या वहीत लिहिलेलं आहे.

एका म्हाताऱ्या हम्मालाने पाचवाच मुद्दा काढला. पैशाचं ऐकून तो खुर्चीतून उठला. “शहात्तर साली आमच्या बापाला पण असेच पैसे दाखवून नेलं होतं. परत आला तेव्हा नसबंदी झालेली.” त्याला बसवायला अर्धा तास गेला. पैसे नकोत, नुसती तपासणी करा, या अटीवर तो बसला. वर्षभर प्रत्येक फेरीला न चुकता आलेला तो एकटा.

शेवटी सुवर्णमध्य निघाला: आल्याचे ३०० रुपये, अहवाल स्वच्छ असेल तर वर १५००. तीन-चार दिवसांची मजुरी, दुर्लक्ष करावं इतकी कमी नाही आणि त्यासाठी घरी भांडण व्हावं इतकी जास्त नाही, असा आमचा अंदाज. अंदाजाचा दुसरा अर्धा भाग चुकला.

काय केलं आणि काय घडलं

डिसेंबर २०२२ ची पहिली फेरी. दिनेश बोलावल्या दिवशी आला, तेही सकाळी दहाला. त्रास काही नाही, पू नाही, एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्ग दिसला नाही. १८०० रुपये यूपीआयने पाठवले. रोख नको, हिशेब स्वच्छ राहील, हा काकांचा आग्रह होता आणि बँकेच्या माणसाला शोभणारा होता.

दिनेशचा स्मार्टफोन धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर चोरीला गेला होता. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि बँकेचा नंबर वर्षाच्या मोबाइलवर. ॲपमध्ये पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव येतं. आमच्या संस्थेच्या नावात ‘एड्स’ हा शब्द आहे.

त्या रात्री त्यांच्या घरी काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण एक गोष्ट दोघांच्या सांगण्यात सारखी होती. वर्षाने मोबाइल सासूसमोर न धरता मोरीत जाऊन, नळ सोडून त्याला विचारलं, “तुम्हाला एड्सवाले पैसे का देतात?” तो म्हणाला, रक्तदान केलं. तिने ऐकून घेतलं. रक्तदानाचे पैसे मिळत नाहीत हे तिला माहीत होतं. पुढचे चार महिने तिने त्याला अंगाला हात लावू दिला नाही, मात्र त्याआधीच दिवस गेले होते.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. आम्ही कुणाची स्थिती उघड केली नव्हती, अहवाल तर नॉन-रिॲक्टिव्ह होता. कागदावर आमची चूक नव्हती. मोरीत होती.

एप्रिल २०२३, दुसरी फेरी. काकांना ‘पक्की तपासणी’ हवी होती, म्हणून या वेळी सिफिलिस शोधणारी आर.पी.आर. ही रक्ततपासणी सुरू केली. दिनेशची रिॲक्टिव्ह आली, टायटर १:८ (रक्त किती पट पातळ केलं तरी खूण दिसते त्याचं माप; दुसरा आकडा मोठा तितका आजाराचा जोर जास्त). खात्रीसाठी केलेली टी.पी.एच.ए.ही पॉझिटिव्ह. जुने लोक ज्याला गरमी म्हणतात ती. अंगावर व्रण नाही, पुरळ नाही, काहीच नाही.

इथे आमची खरी फजिती झाली. ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये आम्ही आर.पी.आर. केलीच नव्हती. म्हणजे हा आजार योजनेच्या काळात लागला की लग्नाआधीपासून अंगात आहे, सांगता येईना. टांझानियात पैशाची अट ज्या चार आजारांवर होती त्यात सिफिलिस नव्हता. तिथे पी.सी.आर.ने, म्हणजे थेट जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीने, सापडणारे, औषधाने समूळ जाणारे आजार निवडले होते. सिफिलिस आणि एचआयव्ही फक्त सुरुवातीला आणि शेवटी तपासले होते. त्याला कारण आहे. सिफिलिस बरा झाला तरी टी.पी.एच.ए. बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते आणि आर.पी.आर. हळूहळू उतरते, कधी पूर्ण उतरतही नाही. पी.सी.आर. आम्हाला परवडत नव्हती, आर.पी.आर. स्वस्त होती, म्हणून आम्ही प्रयोगाचा सांगाडा उचलला आणि तपासणी बदलली.

नियम मात्र नियम. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना ‘पात्र / अपात्र’ असा होता. मी दिनेशशी बोलत असताना रजिस्टर टेबलावर उघडं होतं, त्याच्या बाजूने उलटं. त्याने मान तिरकी करून वाचलं.

“पैसे कटले का?”

“आल्याचे ३०० मिळतील. पण ते सोडा, इंजेक्शन घ्यायचंय. दर आठवड्याला एक, तीन आठवडे.”

“अपात्र म्हणजे मी घाण आहे, असंच ना ताई?”

मी नाही म्हटलं, समजावलं, हा आजार पूर्ण बरा होतो हे सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर रकान्यावर. पहिलं पेनिसिलिनचं इंजेक्शन त्याने घेतलं, २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. ज्यांनी घेतलंय त्यांना विचारा किती दुखतं. दुसऱ्या आठवड्यात आला नाही. मुंबईचं भाडं लागलं होतं. तिसऱ्या आठवड्यातही नाही. फोन केला तर क्लीनरने उचलला.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण वर्षाचा होता. दिनेशच्या बोलण्यातून ती पाच महिन्यांची गरोदर असल्याचं मला कळलं होतं. गरोदर बाईचा सिफिलिस बाळाला जाऊ शकतो. मृत बाळ जन्मू शकतं, जन्मलं तर आजारी असू शकतं. आणि बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी पेनिसिलिन पोचलं तर बाळ बहुतेक वाचतं. तिला सांगावं? त्याच्या संमतीशिवाय नाही. दिवस मोजत बसावं? तेही नाही. मी आमच्या डॉक्टरांशी बोलले आणि दिनेशला फोनवर एवढंच म्हटलं, “बाळासाठी दोघं एकत्र या. तिला काय सांगायचं ते आपण खोलीत बसून ठरवू. तुमच्याआधी मी एक शब्द बोलणार नाही.”

दुसरा क्षण पैशाचा. मी काकांना न विचारता ठरवलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनला प्रत्येकी ५०० रुपये द्यायचे, आणि जोडीने आलेल्याला दोघांचे वेगवेगळे ३००. पाकिटात, रोख, पाकिटावर काहीही न लिहिता. नियमात हे कुठेच नव्हतं. ‘भेटीचा खर्च’ या शीर्षकाखाली मी ते बसवलं.

पाच आठवड्यांनी दोघं आली. मधे खंड पडला म्हणून दिनेशचा कोर्स पुन्हा पहिल्यापासून. वर्षाच्या गरोदरपणाच्या कार्डावर एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह लिहिलेलं होतं, सिफिलिसचा रकाना कोरा. त्या दिवशी तपासलं: तिचीही रिॲक्टिव्ह, १:४. तिने मोरीतल्या प्रश्नाचं उत्तर खोलीत पुन्हा मागितलं आणि या वेळी त्याने रक्तदान म्हटलं नाही. तो बोलत असताना ती त्याच्याकडे न बघता पाकिटाची कड दुमडत होती. मग मला म्हणाली, “मला किती सुया?” तीन. “चुकली एखादी तर?” गरोदरपणात पुन्हा पहिल्यापासून. “नाही चुकणार.” चुकली नाही.

तिसरा क्षण काकांसमोर. हिशेब दाखवला तेव्हा ते चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. पैसे त्यांचे, नियम मी मोडला. मी त्यांना क्षयरोगाचं उदाहरण दिलं. २०१८ पासून सरकार निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये देत आलंय (पुढे २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले). थुंकी स्वच्छ आली तरच देऊ, असं तिथे कुणी म्हणत नाही. जननी सुरक्षा योजना २००५ पासून आहे. बाई दवाखान्यात बाळंत झाली याचे पैसे मिळतात, वाटेत कशी वागली याचे नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे हप्ता भरायला बँकेत येतो त्याचं रिक्षाभाडं आपण देतोय.” काहीसं तसंच. उरलेल्या वर्षासाठी नियम बदलला: अहवालाचे पैसे बंद, आल्याचे, परत आल्याचे आणि जोडीने आल्याचे चालू.

परिणाम

वर्षाचे तीन आणि दिनेशचे तीन डोस जूनमध्ये पूर्ण झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये मुलगा झाला, दिवस भरून. बाळाची तपासणी झाली, पुढच्या तारखांना टायटर उतरत गेलं. तीन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन्ही एचआयव्ही तपासण्या दोघांच्याही नॉन-रिॲक्टिव्ह.

डिसेंबर २०२३ च्या फेरीत दिनेशचं टायटर १:२ होतं. १:८ वरून १:२ म्हणजे उपचार लागू पडले. जुन्या नियमाने तो त्या दिवशीही अपात्र ठरला असता.

त्या महिन्यात काकांची रक्कम संपली. एप्रिल २०२४ च्या फेरीला दिनेश दीड महिना उशिरा आला. दारात उभं राहून विचारलं, “आता काही नाही ना?” नाही म्हटलं. थोडा थांबला, मग आत येऊन बाही वर केली. ऑगस्टमध्ये आला नाही. फोन लागतो, उचलत नाही. वर्षा बाळाच्या तारखांना येते आणि जाताना खोक्यातून कंडोमची पाकिटं उचलते, न लाजता, पर्सच्या आतल्या कप्प्यात.

पैशाने दिनेशचं बाहेरचं वागणं बदललं असं मी म्हणणार नाही. डिसेंबरची पहिली भेट आणि शेवटची दोन इंजेक्शनं पैशाने झाली, एवढं मात्र ठामपणे म्हणेन.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिला रुपया देण्यापूर्वी सिफिलिससह पूर्ण तपासणी आणि आजार असेल तर उपचार. सुरुवातीची रेघ नसेल तर पुढे कोण घसरला आणि कोण आधीच खाली होता हे कळत नाही.

पैसे अहवालाला चिकटवायला नको होते. निदान आमच्याकडे, आमच्या तपासणीसह, नको होते. माणसाला आमची सगळ्यात जास्त गरज होती नेमक्या त्याच दिवशी त्याचे १५०० आम्ही कापले. माणूस जिथून गळतो तिथे पैसा हवा होता: दुसरं इंजेक्शन, तिसरं इंजेक्शन, जोडीदाराची तपासणी, तीन महिन्यांनंतरची एचआयव्ही. रक्कमही भाड्याच्या वेळापत्रकाशी जुळवून. एक फेरी बुडाली तर ड्रायव्हरचं जे जातं त्यापुढे ३०० काहीच नाहीत.

“फोन कुणाकडे असतो?” हा प्रश्न नोंदणीच्या कागदावर आता पहिला आहे. त्याखाली “पैसे कसे हवेत?” आणि “घरी काय सांगाल?” तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आम्ही त्या दिवशी पैसे देत नाही; बसून उत्तर तयार करतो.

बायकांना कशाला ओढायचं, या माझ्या वाक्याबद्दल: त्या आधीच ओढलेल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या गोळ्या दिनेशने मानपूरच्या पुढे गाडीच्या खिडकीतून फेकल्या होत्या. हे त्याने दीड वर्षाने सांगितलं. तेव्हाच वर्षाला सन्मानाने, स्वतंत्रपणे, तिच्या हातात काही देऊन बोलावलं असतं तर एप्रिलपर्यंत थांबावं लागलं नसतं.

एका बाबतीत मात्र मी आजही काकांशी भांडते. ते म्हणतात, रोख पाकिटात हिशेब राहत नाही. मी म्हणते, राहतो. सही घ्या, क्रमांक लिहा, नाव लिहू नका. परवा त्यांनी पुढच्या वर्षासाठी पुन्हा रक्कम देऊ केली आणि रजिस्टर बघायला मागितलं. मी नवं दाखवलं. त्यात शेवटच्या रकान्यावर ‘पुढची तारीख’ लिहिलेलं आहे. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि विचारलं, “आणि ही कोरी घरं?” ती दिनेशची ओळ होती. मी म्हटलं, अजून आला नाही.